रेमार्क : एका पिढीचा साक्षीदार

युद्धाचा खर्च मोजण्याची राज्यकर्त्यांची रीत ठरलेली आहे. दारूगोळ्याची किंमत, काढलेली कर्जे, जेत्याला द्यावयाची नुकसानभरपाई, विधवांचे निवृत्तिवेतन हे सारे आकडे अंदाजपत्रकात मांडता येतात. परंतु रणभूमीवरून जिवंत परतलेल्या माणसाच्या मनात जे साचून राहते, त्याचा जमाखर्च कोणत्याही खतावणीत सापडत नाही. तो मांडण्याचे काम अखेर साहित्याकडेच येते. पहिल्या महायुद्धाच्या बाबतीत हे काम ज्याने सर्वांत परिणामकारकपणे केले, तो एरिख मारिया रेमार्क हा ना सेनानी होता ना इतिहासकार. तो एका पुस्तक-बांधणी करणाऱ्या कारागिराचा मुलगा होता आणि शिक्षक होण्यासाठी शिकत होता.

रेमार्कचा जन्म २२ जून १८९८ रोजी उत्तर जर्मनीतील ओस्नाब्र्युक या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची. कॅथलिक अध्यापक विद्यालयात तो शिकत असतानाच युरोपात युद्ध पेटले. नोव्हेंबर १९१६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याला सक्तीच्या भरतीने सैन्यात नेण्यात आले. प्रशिक्षण संपवून जून १९१७ मध्ये तो पश्चिम आघाडीवर पोहोचला. तेथे त्याचे मुख्य काम होते आघाडीच्या पाठीमागे खंदक खणण्याचे आणि काटेरी तारा रोवण्याचे. आणि हे काम शत्रूच्या तोफांच्या टप्प्यातच करावे लागे. ३१ जुलै १९१७ रोजी बेल्जियममधील फ्लँडर्स भागात ब्रिटिश सैन्याची मोठी चढाई सुरू झाली. त्याच दिवशी तोफगोळ्याच्या तुकड्यांनी त्याचा पाय, हात आणि मान जायबंदी झाली. प्रत्यक्ष आघाडीवरचे त्याचे आयुष्य येथेच संपले. ते सारे मिळून जेमतेम काही आठवड्यांचे भरते.

या अल्पावधीवर पुढे त्याच्या विरोधकांनी फार मोठा गदारोळ केला. इतके थोडे दिवस युद्ध पाहिलेला माणूस युद्धाविषयी काय सांगणार, असा त्यांचा सवाल होता. परंतु साक्षीदाराची योग्यता केवळ दिवसांच्या संख्येवरून ठरत नसते. जखमी रेमार्कला ड्युइसबर्गच्या रुग्णालयात हलविण्यात आले. तेथे थोडे बरे वाटू लागताच तो रुग्णालयाच्या कचेरीत कारकुनी करू लागला. आघाडीवरून येणाऱ्या जखमींची रीघ त्याच्या डोळ्यांसमोरून जात होती. त्यांच्याशी तो बोलत असे, मित्रांकडून पत्रांद्वारे माहिती मागवीत असे, आणि याच काळात त्याने युद्धावरील कादंबरीसाठी टिपणेही सुरू केली. स्वतःच्या वाट्याला आलेल्या अनुभवाला त्याने अशी इतरांच्या अनुभवाची जोड दिली. त्याच्या लेखनाचे सामर्थ्य नेमके येथे आहे. ते एका शिपायाचे आत्मवृत्त नाही. ज्यांना लिहिता आले नाही अशा अनेकांच्या वतीने एकाने दिलेली ती साक्ष आहे.

खाजगी दुःखेही याच काळातली आहेत. सप्टेंबर १९१७ मध्ये त्याची आई कर्करोगाने वारली. एका जखमी सोबत्याला त्याने गोळीबारातून खांद्यावर वाहून आणले होते. पण त्याच्या डोक्यात शिरलेल्या बारीक तुकड्याकडे कोणाचे लक्षच गेले नाही आणि तो दगावला. कादंबरीतील काट हा वडीलधारा शिपाई नायकाच्या खांद्यावरच असाच नकळत मरण पावतो. आजारी आईचा निरोप घेणारा नायकही वाचकांना आठवत असेल. मात्र अनुभव जसाच्या तसा कागदावर उतरविणे एवढेच लेखकाचे काम नसते. कादंबरीतला पाउल बॉयमर हा शिक्षकाच्या भाषणांनी भारून जाऊन संपूर्ण वर्गासह सैन्यात दाखल होतो. रेमार्क स्वतः स्वयंस्फूर्तीने गेलेला नव्हता. परंतु आपल्या पिढीतील असंख्य विद्यार्थ्यांचे काय झाले हे त्याला ठाऊक होते. कांटोरेक नावाच्या त्या शिक्षकाच्या रूपाने त्याने वर्गातल्या फळ्यापासून खंदकापर्यंत जाणारा रस्ता दाखवून दिला. अध्यापनाचा व्यवसाय करणाऱ्या कोणालाही ते पात्र अस्वस्थ केल्यावाचून राहत नाही. विद्यार्थी आपला शब्द खरा मानतात, हे शिक्षकाचे भाग्य आहे आणि तीच त्याची जोखीमही आहे.

१९१८ च्या नोव्हेंबरात युद्ध संपले. जर्मनीचे सुमारे वीस लक्ष सैनिक कामी आले होते. जे परतले त्यांच्यासाठी समाजात जागा नव्हती. रेमार्कने १९१९-२० मध्ये खेड्यांतील प्राथमिक शाळांत मास्तरकी केली आणि ती सोडली. नंतर समाधीचे दगड विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे नोकरी धरली. रविवारी मनोरुग्णालयाच्या प्रार्थनामंदिरात तो ऑर्गन वाजवीत असे. हा काळ जर्मनीतील भयंकर चलनफुगवट्याचा होता. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका अमेरिकन डॉलरसाठी चार लाख वीस हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. हाती पडलेला पगार बाजारात पोहोचेपर्यंत निम्म्याने हलका होई. युद्धाच्या काळात सरकारी रोख्यांत आयुष्यभराची बचत गुंतविणारा मध्यमवर्ग अक्षरशः भिकेला लागला. युद्धखर्च करांतून न भागविता कर्जांतून आणि छापखान्यातून भागविला, त्याची किंमत शेवटी निवृत्त शिक्षक, कारकून आणि विधवा यांनी चुकती केली. हा काळ रेमार्कने विसरून जाऊ दिला नाही. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या 'द ब्लॅक ऑबेलिस्क' या कादंबरीत थडग्यांचे दगड विकणाऱ्या तरुणाच्या नजरेतून त्याने हा फुगवटा उभा केला. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत जे कोष्टकांतून कळते, ते तेथे माणसांच्या चेहऱ्यांवर दिसते.

त्याची पहिली कादंबरी १९२० मध्ये निघाली होती. ती इतकी भाबडी होती की पुढे तिची त्याला लाज वाटे. आडनावाचे फ्रेंच वळणाचे जुने कौटुंबिक रूप त्याने स्वीकारले, त्यामागे या पुस्तकापासून दूर जाण्याची इच्छाही होती. हॅनोव्हरच्या एका रबर कंपनीच्या नियतकालिकात आणि १९२५ पासून बर्लिनच्या एका क्रीडाविषयक साप्ताहिकात त्याने संपादकीय काम केले. बाहेरून पाहता तो एक यशस्वी, नीटनेटका पत्रकार होता. आत मात्र खंदक बुजलेला नव्हता. अखेर युद्ध संपून नऊ वर्षे उलटल्यावर, १९२७ मध्ये, कचेरीतून परतल्यानंतरच्या वेळात त्याने काही आठवड्यांत ती कादंबरी लिहून काढली. नऊ वर्षांचे हे मौन वाया गेलेले नव्हते. जखम ताजी असताना माणूस ओरडतो; तिचे वर्णन करण्यास काही अंतर पडावे लागते. म्हणूनच या कादंबरीत आक्रोश नाही आणि उपदेशही नाही. भूक, उवा, चिखल, मेलेल्या मित्राचे बूट कोणी वापरायचे याची व्यवहारी चर्चा अशा साध्या तपशिलांतून युद्धाने माणसाचे काय केले ते उलगडत जाते.

एका मोठ्या प्रकाशकाने हे हस्तलिखित परत केले. लोकांना आता युद्धाविषयी वाचावयाचे नाही, असा त्याचा कयास होता. तो साफ चुकला. उल्स्टाइन या प्रकाशनसंस्थेच्या वृत्तपत्रात नोव्हेंबर १९२८ पासून ती क्रमशः आली आणि जानेवारी १९२९ च्या अखेरीस पुस्तकरूपाने निघाली. इंग्रजीत 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या नावाने जगाला ठाऊक झालेल्या या पुस्तकाच्या पहिल्या अठरा महिन्यांत बावीस भाषांत मिळून पंचवीस लाख प्रती खपल्या. या नावातच सारी कादंबरी सामावलेली आहे. नायक ज्या दिवशी मरतो, त्या दिवशीच्या लष्करी अहवालात पश्चिम आघाडीवर विशेष काही घडले नसल्याची नोंद होते. राज्याची भाषा आणि माणसाचे मरण यांतील ही दरी लेखकाने कसलेही भाष्य न करता उघडी ठेवली.

हेच अनेकांना सहन झाले नाही. लुईस माइलस्टोन यांनी काढलेल्या १९३० च्या अमेरिकन चित्रपटाला उत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. बर्लिनमध्ये मात्र त्या डिसेंबरात गोबेल्सच्या अनुयायांनी चित्रपटगृहात उंदीर सोडून आणि दुर्गंधीचे गोळे फोडून खेळ बंद पाडला. गुंडगिरी करणाऱ्यांना आवर घालण्याऐवजी सरकारने काही दिवसांतच चित्रपटावर बंदी घातली. हिटलरला सत्ता मिळण्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट आहे. लोकशाही संस्था दबावापुढे कशा वाकतात, याचा तो वस्तुपाठच होय. रेमार्कने स्वित्झर्लंडमध्ये घर घेतले होते. सत्तांतराच्या तोंडावर तो तेथे निघून गेला. १० मे १९३३ रोजी बर्लिनच्या चौकात त्याची पुस्तके जाळण्यात आली. ती जाळण्यात विद्यापीठाचे विद्यार्थी पुढे होते, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९३८ मध्ये त्याचे नागरिकत्व काढून घेण्यात आले आणि १९३९ मध्ये तो अमेरिकेत गेला.

लेखक निसटला, परंतु त्याची धाकटी बहीण एल्फ्रीडे मायदेशातच राहिली होती. ती कपडे शिवण्याचा व्यवसाय करीत असे. युद्ध हरल्यातच जमा आहे, असे ती कोणापाशी तरी बोलली. त्याची खबर सरकारला पोहोचली आणि तथाकथित लोकन्यायालयाने तिला मृत्युदंड ठोठावला. १६ डिसेंबर १९४३ रोजी तिचा शिरच्छेद करण्यात आला. खटला, तुरुंग आणि शिक्षेची अंमलबजावणी यांच्या खर्चाचे सुमारे पाचशे मार्कांचे बिल मागे उरलेल्या बहिणीकडे पाठविण्यात आले. जमाखर्चाची ही काटेकोरता पाहून सुन्न व्हावयास होते. रेमार्कला ही वार्ता युद्धानंतर कळली. छळछावणीवरील १९५२ ची 'स्पार्क ऑफ लाइफ' ही कादंबरी त्याने बहिणीला अर्पण केली. पुढे १९५४ मध्ये दुसऱ्या महायुद्धातील एका जर्मन शिपायाच्या रजेची कथा त्याने लिहिली. २५ सप्टेंबर १९७० रोजी स्वित्झर्लंडमधील लोकार्नो येथे त्याचे निधन झाले.

कादंबरी ज्या भाषेत लिहिली गेली, त्या भाषेतील पहिला चित्रपट निघावयास २०२२ साल उजाडले. आपल्या शिपायाची साक्ष ऐकून घ्यावयास एखाद्या समाजाला किती काळ लागू शकतो, याचे हे एक गमक मानता येईल.

आणि ज्यांची साक्ष लिहिलीच गेली नाही, त्यांचे काय? त्याच महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. कुत-अल-अमारा येथे वेढा पडून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्येही त्या होत्या. कैदेच्या खडतर वाटेवर त्यांतले अनेक शिपाई परमुलखात मरण पावले. सातारा-रत्नागिरीकडच्या गावांत त्या युद्धावर किती माणसे गेली आणि किती परतली नाहीत, हे सांगणारे दगड आजही भिंतींत बसविलेले दिसतात. त्यांवर आकडे आहेत, माणसे नाहीत. परतलेल्यांपाशी सांगण्यासारखे काही नव्हते असे नव्हे. त्यांच्यापाशी अक्षर नव्हते, आणि ज्यांच्यापाशी होते त्यांना विचारावेसे वाटले नाही. रेमार्कने रुग्णालयातल्या कचेरीत बसून शेजारच्या खाटेवरच्या माणसाला विचारले, एवढाच दोहोंतला फरक. परंतु तेवढ्याच फरकामुळे जर्मन खंदकातला एक सामान्य शिपाई साऱ्या जगाचा आप्त झाला आणि मराठी मुलखातला शिपाई मात्र दगडावरचा एक आकडाच राहिला.