घरातच हायड्रोजन बनवून मोजणारा लाजाळू माणूस
शाळेत जस्तावर आम्ल टाकलं की बुडबुडे यायचे, आठवतंय? तोच प्रयोग हेन्री कॅव्हेंडिश लंडनमधल्या आपल्या घरी करायचा. १७३१ साली जन्मलेला हा गडगंज माणूस इतका लाजाळू, की मोलकरणीलाही चिठ्ठीनेच निरोप द्यायचा. पण मोजायला पक्का! पाण्यात उपड्या धरलेल्या बाटलीत वायू गोळा करून तो किती निघतो, हे त्याने मोजलं. आम्ल बदललं, तरी तेवढ्याच जस्तातून वायूही तेवढाच निघाला. म्हणजे वायू धातूतूनच येतो, असं त्याने १७६६ मध्ये मांडलं. हा अंदाज चुकला. हायड्रोजन येतो आम्लातून. १८१० मध्ये कॅव्हेंडिश गेला. त्याचा तर्क मागे पडला, पण केलेलं मोजमाप आजही खरं ठरतं.