दोन वीकेंडचं काम वाया गेलं आणि चुका दुरुस्त करणारा कोड जन्माला आला

लिफ्टमध्ये नेटवर्कची एकच काडी उरते, तरी आलेला मेसेज नीट वाचता येतो. टॉवरकडून येणारे 0 आणि 1 वाटेत बिघडतात, पण मोबाइलमधला रिसीव्हर बऱ्याच चुका स्वतःच दुरुस्त करतो. या विद्येचा पाया घालणाऱ्यांपैकी एक होते रिचर्ड हॅमिंग.

11 फेब्रुवारी 1915 रोजी शिकागोत जन्मलेले हॅमिंग गणितज्ञ. दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामोसच्या अणुबॉम्ब प्रकल्पात त्यांनी आकडेमोडीचं काम केलं आणि 1946 साली ते बेल लॅब्समध्ये आले.

तिथला रिलेवर चालणारा कॉम्प्युटर त्यांना फक्त वीकेंडला मिळायचा. चूक झाली की मशीनला ते कळायचं. एरवी ऑपरेटर ती दुरुस्त करायचे, पण सुट्टीत तिथे कुणी नसायचं. मग मशीन ते काम अर्धवट सोडून पुढचं हाती घ्यायचं. सलग दोन वीकेंड हेच झालं आणि हॅमिंग वैतागले. चूक झाली हे मशीनला समजतं, तर ती नेमकी कुठे झाली हे का समजू नये?

त्यांनी उत्तर शोधलं. माहितीच्या 4 अंकांसोबत तपासणीचे 3 अंक पाठवायचे. एकूण 7 जागांपैकी 1, 2 आणि 4 नंबरच्या जागा तपासणीच्या. प्रत्येक तपासणीत ठरलेल्या जागांवरच्या 1 ची संख्या सम यायला हवी. समजा, 1 आणि 4 नंबरची तपासणी फसली. 1 अधिक 4 म्हणजे 5, म्हणजे पाचवा अंक बिघडला. तो उलटा केला की झालं! मेसेज परत मागवायची गरजच नाही.

हा कोड क्लॉड शॅनन यांच्या 1948 च्या गाजलेल्या पेपरमध्येही आला. हॅमिंग यांचा स्वतःचा पेपर मात्र पेटंटमुळे रखडला आणि 1950 साली छापून आला.

त्यांचा हा कोड एका वेळी एकच चूक सुधारतो. मोबाइलला त्याहून दमदार कोड लागतात. 5जीमध्ये डेटासाठी एलडीपीसी कोड वापरतात. त्यातही तपासणीचे अंक असतात, फक्त रिसीव्हर त्या तपासण्या पुन्हा पुन्हा करत योग्य उत्तराकडे सरकतो.

1968 साली हॅमिंग यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. 1976 पासून ते कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे शिकवत होते. 7 जानेवारी 1998 रोजी त्यांचं तिथेच निधन झालं.