समजून घ्या : होळकर महाराजांची मोटार लिलावात ‘अस्सल’ कशी ठरते?

माजलगाव : परळीच्या वैद्यनाथ मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, हे बीड जिल्ह्यात शाळकरी पोरांनाही माहीत असतं. त्याच घराण्यात पुढे यशवंतराव (दुसरे) हे महाराज झाले. त्यांच्या मोटारींवर आजही जगभरातल्या संग्राहकांची नजर असते.

जीर्णोद्धार झालेल्या मंदिराला कुणी नकली म्हणत नाही. जुनी मोटार नव्यासारखी करून लिलावात आणली, की मात्र पहिला प्रश्न येतो : यात मूळचं किती उरलंय? याचं उत्तर या महाराजांची गोष्ट वाचली की नीट समजतं.

कोण होते यशवंतराव?

जन्म ६ सप्टेंबर १९०८, इंदूर. शिक्षण इंग्लंडमध्ये, पुढे ऑक्सफर्डला. १९२४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातल्या संयोगितादेवींशी त्यांचं लग्न झालं.

१९२५ च्या जानेवारीत मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची मोटारीत गोळ्या घालून हत्या झाली. धागेदोरे इंदूर दरबारापर्यंत पोहोचले. वडील तुकोजीरावांना (तिसरे) १९२६ मध्ये गादी सोडावी लागली आणि १७ व्या वर्षी यशवंतराव महाराज झाले. पूर्ण अधिकार मिळाले १९३० मध्ये.

तरुण राजाला जुन्या थाटापेक्षा नव्या डिझाइनची ओढ होती. जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी इंदुरात माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. पोलाद, काच, साध्या सरळ रेषा. मोटारींची निवडही त्याच नजरेने झाली.

ड्युझेनबर्ग इतकी खास का?

त्यांची सर्वांत गाजलेली गाडी म्हणजे अमेरिकेची ड्युझेनबर्ग एसजे. आठ सिलिंडरचं, सुपरचार्जर बसवलेलं इंजिन आणि १५३.५ इंच व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जवळपास ३.९ मीटर. एवढं असून ती दोन आसनी उघडी गाडी! रंग भगव्याकडे झुकणारा नारिंगी आणि काळा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी महागड्या गाड्यांची कंपनी बहुतेकदा फक्त चेसिस आणि इंजिन द्यायची. बॉडी दुसरा कारागीर बांधायचा. महाराजांची चेसिस अमेरिकेतून आली, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बांधली. १९३७ मध्ये ड्युझेनबर्ग कंपनीच बंद पडली. अशा गाड्यांच्या बॉडी नंतर अनेकदा बदलल्या गेल्या. म्हणून चेसिस खरी असली, तरी गाडी पूर्ण खरी असेलच असं नाही.

अस्सलपणा कसा तपासतात?

१. नंबर : चेसिस, इंजिन आणि बॉडीवरचे नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळतात का? आकड्यांची ठेवण आणि ठशाची खोली बघतात. जुना नंबर घासून नवा ठोकला असेल, तर भोवतालचा पत्रा वेगळा दिसतो.

२. सांगाडा : बाहेरचा रंग सहज बदलतो. त्यामुळे जाणकार दाराच्या कडा, गालिच्याखालची बाजू, पत्र्याआडचं लाकूड बघतात. जुन्या रंगाचे थर तिथे सापडतात.

३. कागद : ऑर्डर, बिलं, नोंदणी, जुने फोटो. मालकांची साखळी मध्येच तुटली, तर त्या काळात गाडीचं काय झालं हे कुणी सांगू शकत नाही.

राजघराण्याचं नाव लागलं की किंमत वाढते. म्हणून तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. महाराजांची गाडी असं तोंडी सांगणं लिलावात चालत नाही.

सगळे भाग बदलले तर?

हा वाद १९९० मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टात गेला. १९२९ आणि १९३० ची ल मान्स शर्यत जिंकलेली बेंटली ‘ओल्ड नंबर वन’ १ कोटी पौंडांना विकायचं ठरलं होतं. गाडीत मूळचं फारसं उरलेलं नाही, म्हणून खरेदीदार मागे फिरला. कोर्टाने विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. भाग वेळोवेळी बदलले, पण गाडीचा इतिहास कुठेच तुटला नव्हता, हा मुद्दा निर्णायक ठरला.

महाराजांचं पुढे काय झालं?

१९३७ मध्ये संयोगितादेवी ऐन तारुण्यात गेल्या. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि यशवंतराव उपराजप्रमुख झाले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. माणिकबागेतलं फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोत सदबीजच्या लिलावात विकलं गेलं. ड्युझेनबर्ग अमेरिकेला परतली. वस्तू पांगल्या, पण नोंदी आणि फोटो राहिले. त्यांच्या आधारेच त्या वस्तू आजही ओळखता येतात.

आपल्याकडे नियम काय?

केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, व्यावसायिक वापर नसलेली दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नको. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,००० रुपये. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. अशी गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच बाहेर काढता येते.

तुमच्या वाड्यात आजोबांची जीप किंवा फियाट उभी असेल, तर गॅरेजवाल्याला बोलवण्याआधी एवढं करा : नंबरच्या पट्टीवर रंग मारू देऊ नका. आरसी बुक, टॅक्सच्या पावत्या आणि गाडीसोबतचे जुने फोटो एका फाइलमध्ये ठेवा. काढलेला प्रत्येक जुना भाग जपा, भंगारात देऊ नका. आणि काम सुरू होण्याआधी मोबाइलवर गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा.