आंतोनी गाउदी आणि त्यांच्या देवळाचे नकाशे

आपल्या देवळाच्या ज्युबिलीच्या निमित्ताने जुने दप्तर काढून पाहण्याचे काम आमच्याकडे आले. बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि मृत्यूच्या वह्या पहिल्या वर्षापासून अखंड सापडल्या. वाळवीने कडा खाल्ल्या आहेत, परंतु नावे वाचता येतात. देऊळ मात्र कोणत्या नकाशावरून उभे राहिले, हे सांगणारा कागदाचा कपटाही हाती लागला नाही. त्या दिवसांत स्पेन देशातील एका थोर वास्तुशिल्पीचे चरित्र आमच्या मनात वारंवार येत असे. कारण ज्या देवळाने त्यांस जगभर कीर्ती दिली, त्या देवळाचे नकाशे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांत जळून गेले आणि तरीही ते देऊळ वाढत राहिले. तेच चरित्र येथे यथामती सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आंतोनी गाउदी ह्यांचा जन्म २५ जून १८५२ रोजी कातालोनिया प्रांतात, रेउस गावच्या परिसरात झाला. घराणे पिढीजात तांबटांचे. तांब्याचा सपाट पत्रा ठोकता ठोकता त्यातून पोकळ भांडे कसे उभे राहते हे लहानपणी पाहिल्यामुळेच आपणांस आकाराची दृष्टी लाभली, असे ते उतारवयात सांगत असत. बालपणापासून संधिवाताने त्यांस ग्रासले होते. इतर मुले धावत असता हे रानातील झाडे, शिंपले व किडे पाहत बसत. पुढे बार्सेलोना शहरात येऊन त्यांनी स्थापत्याचे शिक्षण घेतले व १८७८ साली पदवी मिळविली. तत्पूर्वीच, १८७६ साली, आई आणि थोरला भाऊ दोघेही निवर्तले होते. विद्यार्थिदशेत लिहिलेली त्यांची एक टाचणवही रेउस येथे जतन करून ठेवलेली आहे. स्वतःच्या कलेविषयी त्यांनी स्वहस्ते लिहून ठेवलेले असे त्या वहीपलीकडे फारच थोडे आहे. हा मनुष्य लेखणीचा नव्हताच.

तरुणपणी ते मोठे शौकीन होते, नीटनेटके कपडे करीत आणि नाटकांस जात. पदवी मिळाली त्याच सुमारास त्यांनी बार्सेलोनाच्या एका चौकासाठी दिव्यांचे खांब तयार केले. पॅरिसच्या १८७८ च्या प्रदर्शनात एका हातमोजे विकणाऱ्या व्यापाऱ्यासाठी त्यांनी केलेले काचेचे कपाट एउसेबी ग्वेल नावाच्या धनाढ्य गिरणीमालकाच्या दृष्टीस पडले. तो गृहस्थ जन्मभराचा आश्रयदाता झाला. त्याच्यासाठी बांधलेला वाडा, पुढे टेकडीवरील बाग, ही कामे आज सर्वांस ठाऊक आहेत. त्यांचे वर्णन येथे करीत नाही.

परंतु ह्या नागरी कामांविषयी एक गोष्ट आमच्या विषयाशी निगडित आहे. शहरात घर बांधावयाचे तर म्युनिसिपालिटीकडे नकाशे सादर करून परवाना घ्यावा लागे. म्हणून गाउदींच्या सहीचे नकाशे, मालकाचा अर्ज, अधिकाऱ्यांचे शेरे आणि तक्रारी असे सर्व कागद बार्सेलोनाच्या दप्तरखान्यात पडून राहिले. कासा मिला ह्या त्यांच्या प्रसिद्ध इमारतीचे नकाशे १९०६ सालचे आहेत. काम चालू असता एक खांब पादचाऱ्यांच्या वाटेवर पुढे आल्याची तक्रार झाली. नंतर इमारत मंजूर मापाहून मोठी झाल्याचे आढळले, आणि वाढीव भाग पाडा अथवा एक लाख पेसेता दंड भरा असा हुकूम निघाला. शेवटी १९०९ साली, ही वास्तू स्मारकाच्या योग्यतेची असल्यामुळे तिला नियमांचे काटेकोर बंधन नको, असा निर्णय देऊन प्रकरण मिटविले गेले. सरकारी दप्तरास आपण एरवी नावे ठेवतो. पण जे कागद त्रास देण्यासाठी मागविले गेले असे गाउदींस खचित वाटले असेल, तेच पुढे टिकले. आणि जे त्यांनी जिवापाड सांभाळले ते गेले.

आता मुख्य कार्याकडे वळू. जुझेप मारिया बोकाबेल्या नावाच्या एका भाविक पुस्तकविक्रेत्याने संत जोसेफाच्या भक्तांची एक संस्था काढली होती. लोकांच्या पापांच्या प्रायश्चित्तार्थ, केवळ दानावर, पवित्र कुटुंबाचे मंदिर बांधावे असा त्या संस्थेचा संकल्प. १९ मार्च १८८२ रोजी, संत जोसेफाच्या सणादिवशी, पायाचा दगड बसला. पहिले वास्तुशिल्पी देल व्हिल्यार ह्यांचे वर्षभरातच चालकांशी पटेनासे झाले, आणि १८८३ च्या नोव्हेंबरात काम गाउदींच्या हाती आले. वय अवघे एकतीस वर्षांचे. १८८५ साली त्यांनी देवळाचा आराखडा सांत मार्ती दे प्रोव्हेन्साल्स ह्या गावच्या म्युनिसिपालिटीकडे परवान्यासाठी पाठविला, कारण ती जागा तेव्हा बार्सेलोनाच्या हद्दीबाहेर होती. त्या अर्जास उत्तर आले नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडेल.

ह्या देवळाने त्यांस हळूहळू पालटले. १८९४ च्या उपासकाळात त्यांनी इतका कडक उपवास केला की प्राणावर बेतले. एका धर्मगुरूने समजूत घातली तेव्हा कोठे ते अन्न घेऊ लागले. १९०६ साली वडील गेले, १९१२ साली जिला त्यांनी सांभाळले ती भाची गेली. विवाह त्यांनी केलाच नव्हता. सुमारे १९१४ पासून त्यांनी इतर सर्व कामे सोडली. पैसा संपला की हा कीर्तिमान पुरुष स्वतः दारोदार फिरून देवळासाठी दान मागे. स्वभाव मात्र शेवटपर्यंत तापटच राहिला, हेही सांगणे प्राप्त आहे. साधुपुरुषांची चरित्रे लिहिताना असल्या गोष्टी गाळण्याची जी प्रथा आहे ती आम्हांस रुचत नाही.

त्यांची काम करण्याची रीत इतर वास्तुशिल्पींहून निराळी होती. कागदावर रेघा ओढून ती मजुरांच्या हाती देणे त्यांस पसंत नव्हते. ग्वेल ह्यांच्या गिरणीवस्तीतील देवळासाठी त्यांनी छतापासून दोऱ्या टांगल्या, आणि शिशाच्या छऱ्यांच्या लहान लहान पिशव्या त्यांस बांधल्या. मोजमाप दहास एक, वजन दहा हजारांस एक. भाराने दोऱ्या आपोआप ज्या वळणात स्थिरावत, त्याचे छायाचित्र घेऊन ते उलटे धरले की कमानींचा नैसर्गिक आकार दिसे. दोरीत जी ओढ, ती दगडात दाब होते. ह्या एका नमुन्यास सुमारे दहा वर्षे लागली. देऊळ अपुरेच राहिले, केवळ त्याचा तळमजला उभा आहे. तो टांगता नमुनाही नष्ट झाला, छायाचित्रे तेवढी उरली. टँजियर शहरातील फ्रान्सिस्कन मिशनसाठी १८९२-९३ च्या सुमारास केलेली योजना तर बांधलीच गेली नाही, आणि आज ती चित्ररूपानेच ओळखीची आहे.

पवित्र कुटुंबाच्या मंदिरासाठी त्यांनी प्लास्टरचे मोठे नमुने केले, काही पंचविसास एक, काही दहास एक, म्हणजे त्यांत मनुष्यास डोके घालून पाहता यावे एवढे. आपल्या हयातीत हे देऊळ पुरे होणार नाही हे ते जाणून होते. म्हणूनच सगळा पाया एकदम न उचलता ख्रिस्तजन्माची एकच दर्शनी बाजू आधी उंच नेली, की पुढील पिढ्यांस काम सोडून देणे अवघड व्हावे. १९११ साली माल्टाच्या तापाने ते पुचसेर्दा गावी अंथरुणास खिळले, मृत्युपत्रही केले; त्याच आजारात ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या बाजूची कल्पना त्यांनी चितारली. एकंदर अठरा मनोरे योजिले होते: बारा प्रेषितांचे, चार शुभवर्तमानकारांचे, एक पवित्र मारियेचा, आणि सर्वांत उंच येशू ख्रिस्ताचा. ह्यांपैकी पुरा झालेला एकच त्यांनी डोळ्यांनी पाहिला, संत बर्नबाचा, ३० नोव्हेंबर १९२५ रोजी.

७ जून १९२६ रोजी सायंकाळी ते नेहमीप्रमाणे संत फिलिप नेरीच्या देवळाकडे प्रार्थनेस पायी निघाले असता ट्रामचा धक्का लागून पडले. अंगावरचे कपडे इतके जुने होते की लोकांनी त्यांस भिकारी समजले. गोरगरिबांच्या रुग्णालयात त्यांस नेण्यात आले. ओळख पटल्यानंतरही ते तेथेच राहिले आणि १० जून रोजी त्यांनी प्राण सोडला. आपल्याच देवळाच्या तळघरात, कार्मेल मातेच्या वेदीपाशी त्यांस पुरले. सारे शहर रस्त्यावर लोटले होते.

काम त्यांचे सहायक दोमेनेक सुग्रान्येस ह्यांनी पुढे चालविले. नकाशे आणि नमुने देवळाशेजारच्या कारखान्यात होते. १९३६ च्या जुलैत स्पेनमध्ये यादवी उसळली आणि २० तारखेस जमावाने देवळाच्या तळघरास आग लावली, कारखाना लुटला, कागद व छायाचित्रे जाळली, प्लास्टरचे नमुने फोडून तुकडे केले. देवळाशी संबंध असलेल्या काही माणसांचे प्राणही गेले. सुग्रान्येस १९३८ साली वारले. जवळजवळ चाळीस वर्षांचा विचार त्या राखेत गेला.

येथे एखाद्याने हात टेकले असते. परंतु १९३९ नंतर फ्रान्सेस्क क्विंताना आणि त्यांचे सोबती ढिगाऱ्यातून प्लास्टरचे तुकडे वेचू लागले. गाउदींच्या हाताखाली वागलेली माणसे अद्याप हयात होती. शिवाय राफोल्स आणि पुच इ बोआदा ह्या दोघांनी युद्धापूर्वीच प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत काही नकाशे छापलेले होते. मूळ जळाले, छापील प्रती घरोघर राहिल्या. तुकड्यांपासून पूर्ण आकार कसा काढावयाचा, हा प्रश्न मात्र कठीण होता, आणि तो सुटला तो गाउदींच्याच भूमितीमुळे. वेताच्या सरळ काड्या तिरप्या बांधून केलेले, कमरेशी बारीक असे बसावयाचे आसन वाचकांनी पाहिले असेल. काड्या सरळ, पण आकार वक्र. गाउदींनी खिडक्या, छत व खांबांची माथी ह्याच जातीच्या पृष्ठांची केली होती. असे पृष्ठ थोड्याशा मापांनी पूर्ण ठरते. म्हणून तुटलेल्या तुकड्यावरून ती मापे शोधली की उरलेला आकार गणिताने मिळतो. १९७९ पासून मार्क बरी ह्या न्यूझीलंडच्या वास्तुशिल्पीने हे गणित हाताने व पुढे संगणकाने मांडले.

हे सर्वांस मान्य झाले असे नाही. १९६५ साली अनेक नामांकित कलावंतांनी व वास्तुशिल्पींनी, त्यांत ल कॉर्ब्यूझिए हेही होते, जाहीर पत्र लिहून काम थांबविण्याची मागणी केली: ज्याचे नकाशे नाहीत ते त्याचे देऊळ कसे? आक्षेप पोकळ नाही. आमच्या अल्पमतीप्रमाणे खांब आणि छत ह्यांच्यापुरते उत्तर मिळाले आहे, कारण ते मोजता येते. दुःखसहनाच्या बाजूवरील मूर्ती मात्र सुबिराक्स ह्या शिल्पकाराच्या स्वतःच्या आहेत. त्या गाउदींच्या म्हणून दाखवू नयेत, आणि त्या आवडल्या नाहीत म्हणून दोषही गाउदींस देऊ नये. गौरवाच्या मुख्य बाजूविषयी तर फारच थोडे हाती उरले आहे.

७ नोव्हेंबर २०१० रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी देवळाचे समर्पण केले. १४ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी गाउदींस वंदनीय घोषित करण्याच्या निर्णयास संमती दिली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात येशू ख्रिस्ताच्या मनोऱ्याने १६२ मीटर ओलांडून जर्मनीतील उल्मच्या देवळास उंचीत मागे टाकले.

१८८५ च्या त्या अर्जाचे सांगावयाचे राहिले. सांत मार्ती गाव १८९७ साली बार्सेलोनात विलीन झाले, अर्ज तसाच राहिला, आणि देऊळ परवान्यावाचून शंभराहून अधिक वर्षे वाढत गेले. दप्तर पुन्हा चाळता ही गोष्ट उघडकीस आली. देवळाच्या विश्वस्तांनी शहराशी बोलणी केली, आणि पायाच्या दगडानंतर १३७ वर्षांनी, जून २०१९ मध्ये, म्युनिसिपालिटीने बांधकामाचा रीतसर परवाना दिला. त्याची फी ४६ लाख युरो भरावी लागली.