काटकसरीची महागडी वाट

लांब पल्ल्याचा रेल्वेप्रवास महाग आणि संथ का होतो, याचे उत्तर बहुधा इंजिनाच्या शक्तीत किंवा कर्मचाऱ्यांच्या दिरंगाईत शोधले जाते. वस्तुतः ते पुष्कळदा रूळ टाकण्यापूर्वी घेतलेल्या निर्णयात दडलेले असते. लॉर्ड मेयो यांची कारकीर्द हा त्याचा बोलका दाखला होय.

१८२२ साली डब्लिन येथे जन्मलेले मेयो तीन वेळा आयर्लंडचे मुख्य सचिव होते. जानेवारी १८६९ मध्ये ते हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले, तेव्हा तिजोरीत तूट होती. त्यांनी प्राप्तिकर वाढविला, खर्चाला कात्री लावली आणि १८७० मध्ये प्रांतांना ठरावीक अनुदाने देऊन खर्चाची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. त्यांच्या कारभाराचे सूत्र काटकसर हेच होते.

रेल्वेच्या बाबतीत या काटकसरीला सबळ कारण होते. डलहौसींच्या काळापासून विलायती कंपन्यांना भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी मिळत असे. मिळकत कमी पडली की उणीव हिंदी महसुलातून भरून निघे. मग खर्च आवरण्याची निकड कंपन्यांना भासावी कशाला? मैलाला आठ हजार पौंडांचा अंदाज असताना प्रत्यक्ष खर्च अठरा हजारांच्या घरात गेला. ७ मार्च १८७० रोजी जबलपूर येथे मुंबई-कलकत्ता मार्ग मेयोंच्या उपस्थितीत सुरू झाला खरा. परंतु असे मार्ग आणखी किती परवडणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे होताच.

त्याच वर्षी त्यांनी उत्तर दिले. साडेपाच फुटांच्या ब्रॉडगेजऐवजी सरकारने बांधावयाचे नवे मार्ग एक मीटर रुंदीचे असावेत, असे ठरले. अरुंद मार्गाला बांधणीचा खर्च कमी येतो, हे खरेच होते. परंतु दोन रुंदी जेथे भेटतात तेथे गाडी पुढे जाऊ शकत नाही. प्रवाशाने बोचकी उचलून दुसरी गाडी गाठावयाची, मालाची पुन्हा चढउतार करावयाची, आणि डबे, इंजिने व कारखाने दुहेरी ठेवावयाचे. आरंभी वाचलेला पैसा असा पिढ्यान्‌पिढ्या खर्ची पडला.

हा दोष राज्यकर्त्यांना कळला नव्हता असे नाही. पंजाब व सिंधकडील मार्गांसाठी मीटरगेज ठरले असता १८७४ मध्ये लष्कराच्या सोयीसाठी तेथे ब्रॉडगेज मान्य झाले. फौजेची अडचण तत्काळ दूर झाली. सामान्य उतारूची मात्र शंभर वर्षे रेंगाळली. पुणे-मिरज मार्ग १९७१ मध्ये रुंद होईपर्यंत कोल्हापूरहून मुंबईस जाणाऱ्याला पुण्यास गाडी बदलणे चुकले नाही. मनमाडला उतरणाऱ्या मराठवाड्याला तर नव्वदच्या दशकापर्यंत थांबावे लागले. देशभर एकच रुंदी आणण्याचे व्यापक धोरण १९९२ मध्ये आले.

८ फेब्रुवारी १८७२ रोजी पोर्ट ब्लेअर येथे शेर अली या कैद्याने मेयोंची हत्या केली. दिल्ली-रेवाडी हा मीटरगेज मार्ग पुढल्या वर्षी सुरू झाला. तो त्यांना पाहावयास मिळाला नाही. त्यांचा हेतू अप्रामाणिक नव्हता, आणि स्वस्त रुळांमुळेच काही मुलखांना रेल्वे लवकर दिसली, हेही मान्य केले पाहिजे. परंतु सार्वजनिक कामाची किंमत केवळ बांधणीच्या अंदाजपत्रकावरून ठरत नाही. त्यात न दाखविलेला खर्च पुढे प्रवाशाच्या वेळेतून आणि खिशातून वसूल होतच राहतो.