भिक्खू ह्येचो : घर सोडून निघालेला कोरियाचा विद्यार्थी

फाहियान आणि ह्युएन त्संग ही नावे पाठ्यपुस्तकांमुळे आपल्या घराघरांत पोहोचली आहेत. ह्युएन त्संग यांच्यानंतर सुमारे ८० वर्षांनी त्याच ध्यासाने भारतात आलेले कोरियाचे भिक्खू ह्येचो मात्र आपल्याकडे फारसे परिचित नाहीत. विद्यालयाच्या या स्मरणिकेत त्यांचे चरित्र सांगावे असे आम्हांस वाटले, कारण ते थोर प्रवासी होण्याआधी शिक्षणासाठी घर सोडून निघालेले एक मूल होते. परभणी जिल्ह्यातील वाड्या-वस्त्यांवरून पत्र्याची पेटी घेऊन वसतिगृहात दाखल होणाऱ्या मुलांना आणि त्यांना सोडून जड पावलांनी परतणाऱ्या आई-वडिलांना हे चरित्र परके वाटणार नाही.

ह्येचो यांचा जन्म इ. स. ७०४ च्या सुमारास सिल्ला राज्यात झाला. आजच्या कोरियाचा बहुतांश भाग तेव्हा या राज्याच्या अंमलाखाली होता आणि तेथे बौद्ध धम्माला राजमान्यता मिळून जवळजवळ दोन शतके लोटली होती. सिल्लाचे तरुण समुद्र ओलांडून चीनला जात. कोणी विद्येसाठी, कोणी धम्मासाठी, कोणी व्यापारासाठी. पुढे नवव्या शतकात चीनच्या शांतुंग किनाऱ्यावर सिल्लावासीयांच्या वस्त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी तेथे स्वतःचा विहारही बांधला. परदेशी जाऊन राहणे आणि तेथे आपली माणसे, आपली भाषा, आपला विहार जपणे हा कोरियन समाजाचा इतिहास इतका जुना आहे.

किशोरवयातच ह्येचो चीनला गेले. नालंदेत शिकून समुद्रमार्गे चीनला पोहोचलेले आचार्य वज्रबोधी त्यांना तेथे गुरू म्हणून लाभले. इ. स. ७२३ च्या सुमारास, वयाच्या विशीत, ते जहाजाने भारताकडे निघाले. ही वाट किती कठीण होती, याची साक्ष चिनी भिक्खू इत्सिंग यांच्या ग्रंथात आहे. ह्येचो यांच्या आधी भारतात आलेल्या सिल्लाच्या भिक्खूंची चरित्रे त्यात नोंदवलेली आहेत. त्यांतील आर्यवर्मन यांना मायदेशी परतायचे होते. परंतु सत्तरी ओलांडल्यावर नालंदेतच त्यांचा अंत झाला.

भारतात ह्येचो यांनी तथागतांची पवित्र स्थाने पाहिली. कुशीनगर ओसाड पडले होते, भोवती अरण्य माजले होते. तरीही एक भिक्खू तेथील स्तूपाची झाडलोट करीत होता. वाराणसीजवळ त्यांनी सिंह कोरलेला, पाच माणसांच्या कवेत मावेल एवढा जाड दगडी स्तंभ पाहिला. याच परिसरात सारनाथला १९०५ मध्ये झालेल्या उत्खननात सम्राट अशोकांचे सिंहशीर्ष मिळाले आणि तेच आज आपल्या प्रजासत्ताकाची राजमुद्रा आहे. बुद्धगयेला महाबोधीचे दर्शन घेताना आपला संकल्प पूर्ण झाल्याच्या आनंदात त्यांनी एक कविता रचली.

मध्य भारतातून ते दक्षिणेकडे वळले. तीन महिन्यांच्या वाटचालीनंतर ते दक्षिणेच्या राजाच्या राजधानीत पोहोचले. हे राज्य बदामीच्या चालुक्यांचे असावे, असे अभ्यासक मानतात. त्या वेळी विजयादित्य गादीवर होता. ह्येचो राजधानीचे नाव देत नाहीत, परंतु काही अभ्यासकांच्या मते ती नाशिकच्या परिसरात होती. नाशिकहून निघून आमच्या जिल्ह्यातून वाहणारी गोदावरी ही अशा रीतीने त्यांच्या दक्षिणेचीच नदी ठरते. राजाजवळ ८०० हत्ती आहेत, प्रदेश उष्ण आहे, सुती कापड आणि म्हशी येथे आहेत, असे ते नोंदवतात. राजा, सरदार आणि रयत सर्वच त्रिरत्नांचा मोठा आदर करतात. विहार पुष्कळ असून महायान आणि हीनयान दोन्ही आचरले जातात, हेही ते लिहितात. डोंगरातील नागार्जुनांच्या नावाशी जोडलेला भव्य विहार मात्र त्यांना निर्जन आढळला. भारतात बेड्या, फटके, तुरुंग नाहीत, अपराध्याला केवळ दंड होतो, असेही त्यांचे निरीक्षण आहे. पाहुण्याच्या नजरेतून गावकुसाबाहेरचे जग सुटले असेल, हे आम्ही जाणतो. तरीही तेराशे वर्षांपूर्वी दक्षिणेच्या या भूमीत धम्म जिवंत होता, याची ही साक्ष आपल्यासाठी मोलाची आहे.

याच दक्षिणेच्या वाटेवर एका चांदण्या रात्री त्यांना घराची अनावर आठवण झाली. उत्तरेकडे जाणारे ढग पाहून त्यांच्या मनात मायदेशी निरोप धाडण्याचा विचार आला आणि निरोप नेणारे कोणी नाही ही व्यथा त्यांनी कवितेत मांडली. ज्याने समुद्र ओलांडला, त्यालाही घराची ओढ लपवावीशी वाटली नाही. पुढे जालंधरच्या प्रदेशात त्यांना एक चिनी भिक्खू मायदेशी निघण्याच्या तयारीत असतानाच आजाराने निवर्तल्याचे कळले. त्या अनोळखी सहप्रवाशासाठी त्यांनी शोककविता लिहिली.

काश्मीर, गांधार, बामियान असा प्रवास करीत आणि पामीरचे पठार ओलांडून ते इ. स. ७२७ च्या अखेरीस मध्य आशियातील कुचा येथे आले. त्यानंतरचे अर्धशतकाहून अधिक आयुष्य चीनमध्येच गेले. तेथे त्यांनी वज्रबोधी आणि त्यांचे शिष्य अमोघवज्र यांच्याजवळ अध्ययन केले. इ. स. ७७४ मध्ये अमोघवज्रांनी मृत्युपत्रात आपल्या सहा प्रमुख शिष्यांची नावे लिहिली. त्यांत सिल्लाचे ह्येचो होते. इ. स. ७८० मध्ये, पंचाहत्तरीच्या पुढे, ते वू-थाय पर्वतावरील विहारात गेले. तेथेच त्यांचे जीवन संपले. मायदेशी ते परतले नाहीत.

त्यांचा प्रवासग्रंथही हजारभर वर्षे हरवला. १९०८ मध्ये तुनहुआंगच्या गुंफेत फ्रेंच संशोधक पॉल पेलिओ यांना आरंभ आणि शेवट नसलेले एक हस्तलिखित मिळाले. एका जुन्या चिनी शब्दकोशात त्यातील शब्दांचे अर्थ दिलेले होते. त्यावरून लेखकाची ओळख पटली. तोपर्यंत चिनी समजले गेलेले हे भिक्खू सिल्लाचे होते, हे १९१५ मध्ये जपानी विद्वान ताकाकुसु यांनी दाखवून दिले. आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेले ते हस्तलिखित २०१० मध्ये सोलच्या प्रदर्शनासाठी पाठवले गेले. ह्येचो घरी पोहोचले नाहीत. त्यांचे शब्द, उसनवारीने का होईना, पोहोचले.

आमचे कित्येक माजी विद्यार्थी आज पुण्या-मुंबईत आणि परदेशांत आहेत. पहिल्या वर्षी रात्री उशीत तोंड खुपसून रडलेली मुले आज अनेकांचा आधार झाली आहेत. शिक्षणाच्या वाटेवर घराची आठवण येणे हा कमकुवतपणा नव्हे, हे पालकांनी आणि मुलांनी ह्येचो यांच्याकडून जाणून घ्यावे. आणि जे दूर गेले आहेत त्यांनी, आपण काय पाहिले, काय सोसले, कोणी हात दिला, हे लिहून ठेवावे. ह्येचो यांनी लिहिले नसते, तर त्यांच्या देशाला आपला पुत्र सापडला नसता, आणि आपल्यालाही दक्षिणेच्या त्या विहारांचा हा साक्षीदार मिळाला नसता.