होडी वल्हवली, वजन मात्र वाढले

विल्यम बॅन्टिंग हे एकोणिसाव्या शतकातील लंडनचे एक प्रतिष्ठित व्यावसायिक. अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहणे हा त्यांच्या घराण्याचा व्यवसाय. राजघराण्यातील अंत्यविधी त्यांच्याच पेढीकडे असत; 1852 मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्या अंत्ययात्रेचे कामही याच पेढीने केले. (इन्सुलिनच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते फ्रेडरिक बॅन्टिंग वेगळे.) 1796 मध्ये जन्मलेल्या विल्यम यांचे नाव मात्र व्यवसायामुळे नव्हे, तर वाढलेल्या वजनामुळे जगभर पोहोचले.

तिशीनंतर त्यांचे शरीर सुटू लागले. एका डॉक्टर मित्राने भरपूर व्यायामाचा सल्ला दिला. बॅन्टिंग यांनी एक जड होडी घेतली आणि रोज पहाटे दोन-दोन तास ती वल्हवू लागले. दंड बळकट झाले, पण भूकही जबरदस्त वाढली. भूक लागली की ते खात आणि वजन आणखी वाढे. शेवटी त्याच मित्राने त्यांना व्यायाम सोडायला सांगितले. पुढची अनेक वर्षे घोडेस्वारी, समुद्रकाठची हवा, औषधी झऱ्यांचे पाणी, वाफेची तुर्की स्नाने असे सगळे करून झाले. हाती फारसे काही लागले नाही.

पासष्टीपर्यंत त्यांची अवस्था बिकट झाली होती. उंची पाच फूट पाच इंच आणि वजन 202 पौंड, म्हणजे जवळपास 92 किलो. वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून जिना पाठमोरे उतरावा लागे. चारचौघांत लोक टिंगल करत, म्हणून त्यांनी समारंभांना जाणेही कमी केले होते.

त्यातच कमी ऐकू येऊ लागले. त्यामुळे 1862 मध्ये ते कानाचे शल्यविशारद विल्यम हार्वे यांच्याकडे गेले. हार्वे यांनी पॅरिसमध्ये क्लॉद बर्नार यांची यकृत आणि मधुमेहावरील व्याख्याने ऐकली होती. मधुमेहात साखर आणि पिष्टमय पदार्थ कमी करतात. तोच मार्ग अतिरिक्त चरबीवरही चालेल, असा त्यांनी अंदाज बांधला. कानाच्या आतील नळीवर चरबीचा दाब येत असावा, असे त्यांचे मत होते.

त्यांनी बॅन्टिंग यांना सहा गोष्टी वर्ज्य करायला सांगितल्या: पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे. बॅन्टिंग यांचा आहार जवळपास याच सहा गोष्टींवर उभा होता. सकाळी भरपूर दूध-साखरेचा मोठा प्यालाभर चहा आणि लोणी लावलेला टोस्ट, दुपारी मांसाबरोबर पाव, पेस्ट्री आणि बिअर, संध्याकाळी पुन्हा सकाळसारखाच चहा. हे पदार्थ त्यांना निरुपद्रवी वाटत होते. आता मांस, मासे, बटाटा सोडून इतर भाज्या, थोडी फळे, टोस्टचा लहानसा तुकडा आणि बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा एवढाच आहार राहिला.

वर्षभरात वजन 46 पौंडांनी, म्हणजे सुमारे 21 किलोंनी उतरले. कमरेचा घेर 12 इंचांनी घटला. जिना सरळ उतरता येऊ लागला आणि ऐकूही नीट येऊ लागले. वजन उतरण्याचा वेग आठवड्याला सरासरी 400 ग्रॅमच होता. आजच्या महिन्यात दहा किलोच्या जाहिरातींपुढे तो संथ वाटेल, पण आजचे डॉक्टरही अशाच गतीला पसंती देतात.

1863 मध्ये बॅन्टिंग यांनी आपला अनुभव वजनाच्या नोंदींसह स्वखर्चाने छापला आणि पुस्तिका फुकट वाटली. मागणी वाढल्यावर किंमत ठेवली, पण नफा दानधर्माला दिला. डॉक्टर मंडळींनी त्यांच्यावर टीका केली: एका माणसाचा अनुभव म्हणजे शास्त्र नव्हे. हा आक्षेप रास्तच होता. तरीही त्यांचे आडनाव इंग्रजीत पथ्याने वजन उतरवण्याचे क्रियापद झाले, आणि स्वीडिश भाषेत ‘बांता’ हा शब्द आजही त्याच अर्थाने वापरतात. बॅन्टिंग 1878 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी वारले.

त्यांचे सगळेच अनुकरणीय नाही. त्यांच्या आहारात रोज वाइन होती आणि रात्री बिनसाखरेची कडक दारूही. मद्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सात कॅलरी मिळतात, आणि मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दूध आणि बटाटाही मुळात वाईट नाहीत. प्रश्न प्रमाणाचा आणि सोबतीच्या साखर-लोण्याचा आहे. व्यायाम सोडणे तर चूकच. हृदय, स्नायू आणि हाडांसाठी त्याला पर्याय नाही.

पण होडीचा धडा आजही लागू पडतो. अर्धा तास चालल्यावर साधारण शे-सव्वाशे कॅलरी खर्च होतात. 300 मिलिलिटर गोड शीतपेयात तेवढ्याच भरून येतात. पातळ पदार्थांतील कॅलरींनी पोटही तितकेसे भरत नाही. वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातील साखर मिळून दिवसाला 50 ग्रॅमच्या आत, शक्यतो 25 ग्रॅमपर्यंत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. अशा एका शीतपेयातच 30 ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणून व्यायाम सुरू करणाऱ्याने आधी शीतपेये, डबाबंद रस, बिअर, दिवसभरातले गोड चहा आणि सोबतची बिस्किटे-खारी कमी करावीत. फळ रस न काढता खावे. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहारात एकदम मोठा बदल करू नये. रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.